अवजारांच्या कारखान्यांत मापाची तक्रार केव्हां व कशी करावी

हल्लीं तालुक्याच्या बहुतेक गांवीं, एस्. टी. स्थानकापुढें किंवा बाजारसमितीच्या रस्त्यास, पत्र्याच्या छपराखालीं वेल्डिंगचे दोनचार कारखाने दिसतात. ट्रॅक्टरचा कल्टिव्हेटर, पेरणीयंत्र, ट्रॉली, गोठ्याचें दार, विहिरीवरची जाळी, लोखंडाचें जें काय शेतकऱ्यास लागतें तें तेथें तयार होतें, आणि मोठ्या कंपनीच्या मालापेक्षां तें पुष्कळ वेळां स्वस्त व आपल्या जमिनीस अधिक सोईचें पडतें. ह्या कारागिरांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु एक उणीव आम्हीं वारंवार पाहिली आहे. मालाचें माप चुकलें असतां तें कोणी कोणास, कोणत्या वेळीं व कोणत्या शब्दांत सांगावें, ह्याची रीत अद्याप बसलेली नाहीं.

पूर्वीं ती होती. गांवचे सुतार व लोहार बलुतेदार होते. तिफण एका अंगास ओढूं लागली तर कुणब्यानें ती त्यांच्या दारांत नेऊन टाकावी, त्यांनीं शेतांत येऊन चार पावलें तिफणीमागें चालून पाहावें, असा रिवाज असे. आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर दोघांस एकमेकांचें तोंड पाहावयाचें होतेंच. आतां कारागीर वीस किलोमीटरांवर, पैसे रोख, आणि माल एकदां ट्रॉलींत चढला म्हणजे बोलणें संपलें. मग शेतकरी घरीं बसून कारागिरास नांवें ठेवतो व कारागीर आपल्या छपराखालीं शेतकऱ्यास हंसतो. यंत्र मात्र जसें वांकडें आहे तसेंच राहतें.

विषय नीट ध्यानांत यावा म्हणून आमच्याच अनुभवाची हकीकत सांगतों. आम्हीं व शेजारच्या तिघा शेतकऱ्यांनीं मिळून सोयाबीनसाठीं पांच फणांचें ट्रॅक्टरचें पेरणीयंत्र एका कारखान्यांत करवून घेतलें. कारखान्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. तेथील मिस्त्री हाताचे चांगले होते व आजही आहेत. दोन ओळींतलें अंतर ४५ सेंटिमीटर ठरलें होतें. मृग लागण्यास चार दिवस असतांना यंत्र हातीं आलें, तेव्हां त्याचा रंगही वाळला नव्हता. पेरणी झाली, उगवण चांगली झाली. विसाव्या दिवशीं कोळपें धरलें, आणि दर पांच ओळींत एका ठराविक जागीं दोन्ही बाजूंचीं झाडें कापलीं जाऊं लागलीं. प्रथम आम्हीं बैलांस दोष दिला, मग गड्यास. शेवटीं टेप लावून पाहिली तेव्हां चार अंतरांपैकीं तीन ४५ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक, आणि चौथें ४१ च्याही आंत निघालें.

चूक कशी झाली हें मागाहून कळलें. सांगाडा मिलिमीटरांत कापला होता व पहिल्या आणि पांचव्या फणामध्यें बरोबर १८० सेंटिमीटर धरले होते. मधले फण मात्र मिस्त्रींनीं जुन्या संवयीप्रमाणें १८ इंचांवर आखले. १८ इंच म्हणजे ४५.७२ सेंटिमीटर. तशीं तीन अंतरें गेल्यावर चौथ्यास ४२.८४ सेंटिमीटर उरले. त्यांत पांचव्या फणाचें वेल्डिंग एकाच अंगानें, एका दमांत केलें. वेल्डिंग थंड होतांना आकसतें व लोखंडास आपल्याकडे ओढतें. फण सुमारें दोन अंश आंत कलला. फणाची लांबी ६० सेंटिमीटर, म्हणजे टोंकाशीं आणखी दोन सेंटिमीटरांची तूट. आमच्या कोळप्याची फास १४ इंची, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर. ४५ च्या अंतरांत तिच्या दोन्ही बाजूंस पावणेपांच सेंटिमीटर मोकळे राहतात. येथें अडीच राहिले. इतके सरळ चालणारे बैल आम्हीं तरी पाहिले नाहींत.

आपल्या कारखान्यांतून अजून इंच व सूत चालतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरांहून थोडें अधिक. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, तरी कारागिराच्या जिभेवरून सूत गेलेलें नाहीं. सूत वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. एका कामांत दोन मापें वाईट. काम सांगतांना शेतकऱ्यानें कोणतें तरी एक ठरवावें व कागदावर तेंच लिहावें. तसेंच, एकामागून एक फण आखतांना प्रत्येक माप मागच्या फणापासून घेऊं नये. सर्व मापें सांगाड्याच्या एकाच टोंकापासून घ्यावीं, म्हणजे ४५, ९०, १३५, १८० अशा खुणा पडतात व एका खुणेची चूक पुढच्या खुणेंत जात नाहीं.

परंतु हा लेख लिहिण्यास कारण झालें तें निराळेंच. यंत्र दुरुस्तीस नेलें तेव्हां तेथला सतराअठरा वर्षांचा मदतनीस मुलगा आम्हांस बाजूस घेऊन म्हणाला, "अण्णा, शेवटचं अंतर कमी येतंय हे मला आखतानाच दिसलं होतं. मिस्त्रींना बोललो पण. ते म्हणाले, आधी शेड झाडायला शीक, मग मापं सांग." आम्हीं मिस्त्रींस विचारलें. त्यांनीं नाकारलें नाहीं. "त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं दारात उभी होती," ते म्हणाले, "आणि तुमचाच दोनदा फोन आला होता, पाऊस यायला लागला, यंत्र कधी देता म्हणून." तें खरें होतें. फोन आम्हींच केले होते.

म्हणजे चूक त्या कारखान्यांत एका माणसास ठाऊक होती. ती दुरुस्त करण्यास त्या घटकेस खडूची एक खूण पुसून दुसरी मारणें, एवढेंच लागलें असतें. तीच चूक आमच्या रानांत आल्यावर तिला दोन कोळपण्या, गड्यांची मजुरी व हंगामभर कापलेल्या ओळी, इतकें मोल पडलें.

ह्याच जातीची, परंतु फार मोठी व दुःखद हकीकत कॅनडांत १९०७ सालीं घडली. क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पोलादी पूल बांधला जात होता. त्याचे भाग अमेरिकेंतील फीनिक्सव्हिल येथील कारखान्यांत तयार होऊन येत, व मुख्य सल्लागार इंजिनियर थिओडोर कूपर हे न्यूयॉर्क येथें बसून काम पाहत. पुलावर असलेल्या नॉर्मन मॅक्ल्यूर नांवाच्या तरुण इंजिनियरास आढळलें कीं, खालच्या बाजूचे दाबाखालीं असलेले कांहीं अवजड भाग वांकूं लागले आहेत. त्यानें मापें घेतलीं व लिहून कळविलें. एका भागाचा बाक आधीं पाऊण इंच होता, तो ऑगस्टअखेर दोन इंचांच्या पुढें गेला. वाद कशावर झाला? तर हा बाक नवा आहे, कीं माल कारखान्यांतून निघाला तेव्हांपासूनच त्यांत होता, ह्यावर! निघतांना तो भाग किती सरळ होता ह्याची बिनतोड नोंद कोणी पुढें टाकती, तर हा वाद एका दिवसांत मिटता. शेवटीं मॅक्ल्यूर स्वतः न्यूयॉर्कला गेला. त्याचें ऐकतांच कूपर ह्यांनीं पुलावर आणखी भार घालूं नये अशी तार केली. पण ती पुलावर न जातां फीनिक्सव्हिलला गेली. २९ ऑगस्ट १९०७ रोजीं दिवसाचें काम संपण्याच्या सुमारास पूल कोसळला व ७५ माणसें मेलीं. चौकशी आयोगानें मूळ दोष त्या भागांच्या आंखणींत काढला, आणि तो कारखान्याच्या मिस्त्रीचा नव्हता. आम्हांस येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, तक्रार झाली होती, मापासह झाली होती, लेखीही झाली होती. पण जुनें माप लिहिलेलें नसल्यामुळें ती वादांत अडकली, आणि काम थांबविण्याचा शब्द जेथें काम चाललें होतें तेथें पोहोंचला नाहीं.

आपलें पेरणीयंत्र म्हणजे क्वेबेकचा पूल नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी भरलेली ट्रॉली घाटांत सुटली तर तिच्यापुढें कोण असेल हें सांगतां येत नाहीं. ट्रॉलीच्या हूकाचें वेल्डिंग पाहतांना संकोच करणाऱ्या शेतकऱ्यानें हें ध्यानांत धरावें.

आतां प्रत्यक्ष तक्रारीकडे वळूं. पहिली गोष्ट, वाद आवाजाचा नसावा, मापाचा असावा. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हेन्री मॉड्स्ले नांवाचे एक नामांकित यंत्रकार होऊन गेले. त्यांच्या कारखान्यांत अत्यंत सूक्ष्म मापाचें एक उपकरण असे, व त्यास ते "लॉर्ड चान्सलर" म्हणत. कारण कामगारांत मापावरून तंटा झाला म्हणजे त्या उपकरणाचा निवाडा अखेरचा. आपल्या कारखान्यांत इतकें सूक्ष्म उपकरण नको, पण चांगली टेप, गुण्या व व्हर्निअर हीं असावींतच. तक्रार करण्यापूर्वीं आपली टेप व मिस्त्रींची टेप एकमेकींस लावून पाहाव्या. टेपच्या तोंडाची पत्र्याची आंकडी थोडी हालते; ती बिघडली असें समजून कित्येकजण ठोकून घट्ट करतात. ही मोठी चूक आहे. ती आपल्या स्वतःच्या जाडीइतकी मुद्दाम हालती ठेविलेली असते, म्हणजे आंतून टेंकवून घेतलेलें माप व बाहेरून अडकवून घेतलेलें माप, दोन्हीं बरोबर येतात. आंकडीचा संशय असेल तर दहा सेंटिमीटरांच्या रेघेपासून माप घ्यावें. मात्र शेवटीं ते दहा वजा करण्याचें विसरूं नये. आम्हीं एकदां विसरलों होतों, व मिस्त्रींची क्षमा मागावी लागली होती.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. लोखंडाच्या कामांत एक क्षण असा येतो कीं, वस्तु दिसूं लागलेली असते पण पक्की झालेली नसते. प्रत्येक सांध्यास वेल्डिंगचे लहान लहान टाके मारून सांगाडा उभा केलेला असतो. टाका ग्राइंडरनें दोन मिनिटांत निघतो. पुरें वेल्डिंग कापून काढावयास अर्धा दिवस जातो, आणि कापलेली जागा पूर्वीसारखी होत नाहीं. म्हणून काम देतांनाच सांगून ठेवावें कीं, टाके मारून झाले म्हणजे आम्हांस बोलवा, आम्ही आल्याशिवाय पुढें जाऊं नका. त्या दिवशीं कितीही कामें असोत, जावें. बाजार, लग्न, तारीख, सर्व बाजूस ठेवावें.

तेथें गेल्यावर प्रथम सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचें अंतर. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनांत आहे. दोन मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद सांगाड्याची मागची बाजू पुढचीपासून एक सेंटिमीटर सरकली, तर कर्णांत जवळजवळ दोन सेंटिमीटरांचा फरक दिसतो. चूक दुपटीनें बोलून दाखविते म्हणून हें माप उत्तम. पुढच्या व मागच्या दांडीवर फण आळीपाळीनें बसविलेले असतील तर एवढ्या सरकण्यानें ओळींचीं अंतरें ४४, ४६, ४४, ४६ अशीं पडत जातात. त्यानंतर फणांचीं टोंकें मोजावीं, वर दांडीवर नव्हे, खालीं जमिनीशीं. बीं दांडीवरून पडत नाहीं. माप नेहमीं लोखंड थंड झाल्यावर घ्यावें. एक मीटर लोखंड शंभर अंशांनीं तापलें तर सुमारें सव्वा मिलिमीटर वाढतें, आणि तापलेल्या सांगाड्यावर बरोबर आलेलें माप दुसऱ्या दिवशीं कमी भरतें.

ट्रॅक्टरच्या तीन सांध्यांस जोडावयाचें अवजार असेल तर सांध्यांचीं मापें ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंतून लिहून न्यावीं. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणें कॅटेगरी एकच्या खालच्या पिना २२ मिलिमीटर जाडीच्या व त्यांच्या आंतल्या खांद्यांमधलें अंतर ६८३ मिलिमीटर असतें. कॅटेगरी दोनच्या पिना २८ मिलिमीटरांच्या व अंतर ८२५ मिलिमीटर. एका ट्रॅक्टरचें पाहून दुसऱ्याचें करणें येथें चालत नाहीं. भोक मोठें झालें असतां "पिन सहज बसते" म्हणून गिऱ्हाईक खूष होतो. तीच पिन दोन हंगामांत भोक अंडाकृति करते.

वेल्डिंगची पारख शेतकऱ्यास करतां येते, मात्र ती रंगाच्या आधीं. रंग लागल्यावर सर्वच वेल्डिंग सुंदर दिसतें. कोपऱ्याच्या वेल्डिंगची बाजू सहा मिलिमीटर असेल तर जोर धरणारा मधला गाभा चार मिलिमीटरांहून फारसा अधिक नसतो. वर चढविलेला फुगवटा डोळ्यांस भरतो, पण जोरास त्याची फारशी भर पडत नाहीं. वेल्डिंगच्या कडेला मूळ पट्टींत खांच पडली आहे काय, भोकें राहिलीं आहेत काय, काळी कीट ठोकून काढली आहे काय, गंजावर किंवा जुन्या रंगावरच रॉड फिरविला आहे काय, एवढें पाहावें. बाकीचें मिस्त्री आपल्यापेक्षां अधिक जाणतात.

आतां बोलण्याची रीत. चारचौघांत, इतर गिऱ्हाइकांसमोर, "काम बिघडवलंत" असें म्हटलें कीं मिस्त्री ऐकणें सोडून आपली अब्रू राखूं लागतात. त्यांस बाजूस घेऊन, टेप हातीं देऊन, "मिस्त्री, कागदावर पंचेचाळीस आहे, इथं बेचाळीस येतंय, तुम्ही एकदा बघा," इतकेंच म्हणावें व गप्प राहावें. माप त्यांच्या तोंडून वाचलें जाऊं द्यावें. कारण विचारूं नये, उपाय विचारावा. उपाय ठरला म्हणजे तो त्याच कागदावर, तारखेसह, दोघांच्या सहीनें लिहावा. फोनवर सांगितलेला बदलही त्याच कागदावर चढवावा. अर्धे तंटे "मी सांगितलं होतं" आणि "तुम्ही सांगितलंच नाही" ह्या दोन वाक्यांतून निघतात. पैशाविषयीं: कांहीं रक्कम रानांत यंत्र चालवून पाहिल्यावर द्यावयाची, हें उचल देतांनाच ठरवावें. चूक निघाल्यावर पैसे अडवून धरणें ही तक्रार नव्हे, ती अडवणूक होय, आणि असल्या गिऱ्हाइकाचें काम पुढल्या वर्षीं सर्वांत शेवटीं होतें.

आमच्याकडेही बोट वळतें. यंत्र माघांत सांगावयाचें तें आपण ज्येष्ठांत सांगतों. पट्टी दहा मिलिमीटरांची हवी असतां भाव ऐकून आठावर येतों, आणि वांकली म्हणजे कारागिरास बोलतों. घाईनें व स्वस्ताईनें केलेलें काम बरोबर भरावें ही अपेक्षा कोणत्याही मिस्त्रीवर अन्याय करणारी आहे.

आणि मदतनीसाविषयीं. आपल्यापैकीं कांहींजण सहकारी संस्थांच्या अवजार-कारखान्यांवर संचालक आहेत; हा मजकूर विशेषतः त्यांच्यासाठीं आहे. सांगाड्यास सर्वांत जवळून पाहतो तो टेपचें दुसरें टोंक धरणारा मुलगा. त्यास बोलण्यास जागा पाहिजे. भिंतीवर एक फळा लावावा. ज्यास शंका येईल त्यानें कामाचें नांव, लिहिलेलें माप व आढळलेलें माप त्यावर लिहावें, आणि त्यापुढें मिस्त्रींची खूण पडेपर्यंत त्या कामास पुरें वेल्डिंग होऊं नये. दहांतल्या सात शंका फुकट जातील असें धरून चालावें. फुकट गेलेल्या शंकेबद्दल मुलास कोणी हंसूं नये व त्याच्या रोजांतून वेळ कापूं नये. नाहींतर आठवी, जी खरी आहे, ती तो लिहिणार नाहीं. फळ्याच्या उपयोगाविषयीं कांहीं मिस्त्री प्रथम कुरकुर करतात, त्यांस आपला अधिकार गेला असें वाटतें. परंतु खूण त्यांचीच असल्यामुळें अधिकारही त्यांचाच राहतो.

आमचें यंत्र त्या वर्षीं दसऱ्यानंतर दुरुस्त झालें. चार फण कापून पुन्हां आखावे लागले. मिस्त्रींनीं मजुरी घेतली नाहीं. रॉडचे व रंगाचे पैसे आम्हीं आग्रहानें दिले, कारण दोन फोन आमचे होते. आखणी त्या मुलानें केली, एकाच टोंकापासून, सेंटिमीटरांत. टाके मारल्यावर आम्हांस बोलावणें आलें. टोंकाशीं मापें ४५, ४५.१, ४४.९ व ४४.८ भरलीं. आम्हीं तीं कागदावर लिहिलीं, मिस्त्रींनीं खालीं सही केली, आणि तो कागद बियाण्याच्या पेटीच्या झांकणास आंतून डकवून ठेविला आहे.